विंडोज १० वरून ११ वर जाताना: कॉम्प्युटरच्या आधी दुकानाचा एक दिवस तपासा



"सर, विंडोज १० बंद झालं म्हणतात. पण माझा कॉम्प्युटर तर सकाळी नेहमीसारखा चालू झाला, बिलंपण निघाली. मग बंद झालं म्हणजे नेमकं काय झालं?"

हा प्रश्न मला गेल्या काही महिन्यांत इतक्या जणांनी विचारलाय, की व्हिडिओत दोन मिनिटांत आटपण्याऐवजी इथे सविस्तर लिहितो. व्हिडिओत बटणं कुठे दाबायची ते दाखवलंच आहे. इथे बटणांच्या आधीचं बोलू, कारण नुकसान होतं ते तिथेच. माझंही झालं होतं, तेही सांगतो.

आधी प्रश्नाचं उत्तर. विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आलं आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा सपोर्ट थांबवला. त्या दिवशी तुमचा कॉम्प्युटर बंद पडणार नव्हताच. थांबलं ते दर महिन्याला फुकट येणारं सुरक्षेचं अपडेट. विंडोजमध्ये नवीन फट सापडली की कंपनी ती बुजवायची आणि तो तुकडा तुमच्या मशीनवर आपोआप यायचा. आता फटी सापडत राहतील, पण तुमच्या मशीनवरच्या बुजणार नाहीत. दुकानाचं शटर शाबूत आहे, कुलूपही आहे, फक्त कुलूप खराब झालं तर दुरुस्त करणारा माणूस यायचा थांबलाय, असं समजा.

"आमच्यासारख्या छोट्या दुकानात कोण येतंय हॅक करायला?" हाही ठरलेला प्रश्न. २०१७ सालचं उदाहरण घ्या. विंडोजमधली एक फट मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्ये अपडेट देऊन बुजवली. मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस त्याच फटीतून जगभर पसरला. ज्यांनी दोन महिन्यांपूर्वीचं अपडेट टाकलं नव्हतं, त्यांच्या फाइली कुलूपबंद झाल्या आणि स्क्रीनवर पैशांची मागणी आली. जूनमध्ये नॉटपेट्या आला. त्याच्या पसरण्याच्या मार्गांपैकी एक हीच फट होती, आणि त्याचा फटका आपल्या न्हावाशेव्यापर्यंत बसला. जेएनपीटीमधल्या एका कंटेनर टर्मिनलचं कामकाज ठप्प झालं होतं. या व्हायरसना दुकान मोठं की छोटं हे कळत नाही. ते दार ढकलून बघतात, उघडं असलं की आत शिरतात.

म्हणून पुढे जायचंच आहे. पण घाईघाईने नाही.

माझी चूक

जानेवारी २०२० ची गोष्ट. तेव्हा विंडोज ७ चा सपोर्ट संपत होता, तारीख होती १४ जानेवारी. माझं पॅकिंग मटेरियलचं दुकान होतं. पिशव्या, टेप, खोके, बबल रोल. बिलिंगचं सॉफ्टवेअर काळ्या स्क्रीनवरचं, डॉसमधलं, फॉक्सप्रोमध्ये केलेलं. गावातल्याच एका प्रोग्रॅमरने बऱ्याच वर्षांपूर्वी बनवून दिलं होतं. माउस लागायचा नाही, सगळं कीबोर्डवर, आणि वेग असा की आजच्या सॉफ्टवेअरला लाज वाटावी. सव्वाशे गिऱ्हाइकांची उधारी त्यात होती.

शनिवारी रात्री दुकान बंद केल्यावर मेकॅनिक आला. म्हणाला, "दादा, ३२-बिट कशाला ठेवताय? रॅम वाढवू, ६४-बिट विंडोज १० टाकून देतो, पळेल मशीन." मी म्हटलं, टाक. बॅकअप घेतला होता हो! सॉफ्टवेअरचं अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी केलं, दोनदा तपासलं, खिशात ठेवलं. मशीन फॉरमॅट झालं, नवं विंडोज बसलं, खरंच पळायला लागलं.

रविवारी सकाळी फोल्डर परत टाकलं, आयकॉनवर क्लिक केलं. संदेश आला की हे अ‍ॅप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही.

कारण साधं आहे, पण मला ते त्या दिवशी कळलं. डॉसच्या काळातले हे प्रोग्रॅम १६-बिट असतात. ३२-बिट विंडोजमध्ये ते चालवायची सोय आहे. ६४-बिट विंडोजमध्ये ती सोयच नाही. परवानगी देऊन, सेटिंग बदलून, अँटिव्हायरस बंद करून काही होत नाही. माझ्याकडे बॅकअप होता, पण तो उघडणारं मशीन मी स्वतःच पुसून टाकलं होतं.

एका कॉलेजच्या मुलाने त्या डेटाच्या फाइली एक्सेलमध्ये उघडून दिल्या. उघडल्या, पण पार्टीचं नाव एका फाइलीत, तिचा कोड दुसरीत, जमा-नावे तिसरीत. बाकी किती हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, ती तो प्रोग्रॅम दर वेळी हिशेब करून दाखवायचा. शेवटी ओळखीच्या एका ऑफिसच्या माळ्यावर विंडोज एक्सपीचा जुना डबा सापडला. त्यावर फोल्डर टाकलं आणि सगळी खाती छापून घेतली. यात चार दिवस गेले. चार दिवस हाताने बिलं लिहिली, तो त्रास काही नाही. पण मधल्या काळात मी आठवणीवर विसंबून दोघांना बाकी मागितली. त्यातल्या एकाने आधीच पैसे चुकते केले होते. छापलेलं खातं हातात आल्यावर मी त्याच्या दुकानात जाऊन माफी मागितली. तो "असू दे" म्हणाला, पण नंतर माल दुसरीकडून घ्यायला लागला.

हे आत्ता सांगायचं कारण असं की विंडोज ११ फक्त ६४-बिटच आहे. त्याची ३२-बिट आवृत्ती निघालेलीच नाही. जुन्या सॉफ्टवेअरसाठी आजवर ३२-बिट विंडोज १० जपून ठेवणारी अडत दुकानं, मेडिकल, छोट्या पतसंस्था अजून आहेत. तुम्ही त्यांपैकी असाल तर माझी २०२० ची रविवार सकाळ तुमची वाट बघतेय.

तपासणं सोपं आहे. सेटिंग्ज, सिस्टिम, मग अबाउट. तिथे सिस्टिम टाइपसमोर काय लिहिलंय ते वाचा. ३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम असं असेल तर तुम्हाला विंडोज ११ चं थेट अपग्रेड मिळणारच नाही. सगळं पुसून नव्याने बसवणं हा एकच मार्ग उरतो. आणि नव्याने बसवलं की परतीची वाट नसते.

आधी कागद घ्या

म्हणून माझ्या बॅचमध्ये मी सांगतो, कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी दुकानाचा एक दिवस कागदावर लिहा. शटर उघडल्यापासून शटर पडेपर्यंत कॉम्प्युटर ज्या ज्या कामाला लागतो, ते प्रत्येक काम. कोणतं सॉफ्टवेअर, त्याला कोणतं यंत्र जोडलेलं, पासवर्ड कुणाला माहीत, आणि ते बिघडलं तर फोन कुणाला करायचा.

मसाल्याचा घरगुती व्यवसाय करणाऱ्या एका ताईंची यादी मी बसून लिहून घेतली होती. त्या म्हणाल्या, "माझं काय, फक्त बिल आणि व्हॉट्सअ‍ॅप." लिहायला घेतल्यावर निघालं ते असं. वजनकाट्यावरून आकडा थेट कॉम्प्युटरवर येतो. लेबल प्रिंटरवर वजन, किंमत, बॅच नंबर आणि तारीख छापली जाते. थर्मल प्रिंटरवर बिल. घाऊक गिऱ्हाइकांचं बिल मोठ्या कागदावर, तो प्रिंटर वेगळा. टॅली. जीएसटीच्या रिटर्नसाठी डिजिटल सहीचा टोकन. पाकिटांवरचा मराठी मजकूर जुन्या फॉन्टमध्ये, ती फाइल डेस्कटॉपवर. कुरिअरच्या वेबसाइटचा पासवर्ड ब्राउझरने लक्षात ठेवलेला, ताईंना स्वतःला आठवत नाही. अकरा ओळी झाल्या. आणि त्यांपैकी एकाच ओळीचा विंडोजशी सरळ संबंध नव्हता, ती म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप, कारण ते मोबाइलवर आहेच.

यादी झाली की त्यातली सगळ्यात जुनी वस्तू शोधा. अपग्रेड अडतं ते नेहमी तिच्यापाशी. नवीन प्रिंटर, नवीन सॉफ्टवेअर सहसा निमूट चालतं.

वजनकाटा घ्या. जुन्या काट्याला नऊ पिनांची सिरियल केबल असते आणि कॉम्प्युटरला ते भोक नसतं, म्हणून मधे यूएसबीचा छोटा कन्व्हर्टर लावलेला असतो. या कन्व्हर्टरमधल्या काही जुन्या चिप्सना विंडोज ११ साठी ड्रायव्हरच नाही. काटा ठीक, कॉम्प्युटर ठीक, आणि मधल्या छोट्याशा वस्तूपायी आकडा येत नाही. लोक काटा दुरुस्तीला पाठवतात! विंडोज ११ वर चालतो असं स्पष्ट लिहिलेला नवा कन्व्हर्टर आधीच आणून ठेवा.

डॉट मॅट्रिक्स प्रिंटर अजून भरपूर दुकानांत आहेत आणि मला ते आवडतात. बहुतेक चालतात, पण ड्रायव्हर ६४-बिटचा लागतो आणि सतत छपाईच्या कागदाची लांबी पुन्हा सेट करावी लागू शकते. आत्ताच्या सेटिंगचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बारकोड स्कॅनरची काळजी बहुधा नको, तो कॉम्प्युटरच्या दृष्टीने एक कीबोर्डच असतो.

डिजिटल सहीचा टोकन हरवत नाही की पुसला जात नाही, कारण सही त्या टोकनच्या आतच असते. पण त्याचा ड्रायव्हर आणि पोर्टलवर सही करण्याचं छोटं सॉफ्टवेअर पुन्हा टाकावं लागू शकतं. टोकनचा पासवर्ड मात्र आत्ताच कागदावर आहे का बघा. चुकीचा पासवर्ड ठरावीक वेळा टाकला की टोकन लॉक होतो.

मराठी फॉन्टचं थोडं सविस्तर सांगतो, कारण मेकॅनिकच्या हे ध्यानात येत नाही. युनिकोडमध्ये टाइप केलेलं मराठी कुठेही दिसतं. पण श्रीलिपी, कृतीदेव वगैरे जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये केलेली फाइल तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडली, की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची भेळ दिसते. मजकूर गेलेला नसतो, फॉन्ट गेलेला असतो. जागच्या जागी अपग्रेड केलं तर फॉन्ट राहतात, फॉरमॅट मारलं तर जातात. म्हणून फॉन्टचं फोल्डरही बॅकअपमध्ये घ्या. लेटरहेड, पाकिटं, पत्रकं यांची पीडीएफ करून ठेवा. प्रेसला पाठवायला निदान ती तरी राहील.

आणि जुनं डॉसचं सॉफ्टवेअर असेल तर? आज, आत्ता, जुनं मशीन चालू असतानाच सगळ्या पार्ट्यांची खाती आणि बाकीची यादी छापून घ्या. कागद महाग वाटला तरी घ्या. मग नव्या सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीची बाकी टाकून घ्या आणि निदान एक महिना दोन्हीकडे नोंद करा. डॉसबॉक्ससारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये जुनं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर उघडता येतं. जुनी खाती बघायला ते पुरतं. पण रोजची बिलं त्यावर छापायच्या भरवशावर राहू नका, छपाईत ते कटकट करतं.

जुना डेटा कशाला ठेवायचा, असं काही जण विचारतात. जीएसटी कायद्यात हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाचं वार्षिक रिटर्न भरायच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपायची आहेत. म्हणजे सहा वर्षं. ती नुसती पेनड्राइव्हवर असून भागत नाही, मागितल्यावर उघडता आली पाहिजेत.

मशीन चालेल का?

मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक नावाचं छोटं अ‍ॅप फुकट आहे. ते चालवलं की मशीन विंडोज ११ ला लायक आहे की नाही आणि नसेल तर का, हे सरळ सांगतं. अटी थोडक्यात अशा: ६४-बिट प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट आणि टीपीएम २.०. यातल्या ४ जीबीला फसू नका. त्यावर विंडोज बसतं, पण टॅली, ब्राउझर आणि व्हॉट्सअ‍ॅप एकत्र उघडलं की मशीन गुडघे टेकतं. धंद्याच्या मशीनला ८ जीबी धरा.

खरी अडचण प्रोसेसरची. इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचे चालतात. आय३ किंवा आय५ नंतरचा आकडा बघा. ८२५० असेल तर आठवी पिढी, १०४०० असेल तर दहावी, ४१५० म्हणजे चौथी. एएमडीचा असेल तर साधारण रायझन २००० पासून पुढचे. सेकंडहँड मशीन घेताना दुकानदार "आय५ आहे" एवढंच सांगतो. पिढी विचारा, विचारून बिलावर लिहून घ्या.

टीपीएम म्हणजे मदरबोर्डवरची, किंवा प्रोसेसरमध्येच असलेली, गुप्त किल्ल्या जपणारी व्यवस्था. बऱ्याच असेंबल केलेल्या मशीनमध्ये ती असते, पण बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. इंटेलमध्ये ती पीटीटी नावाने दिसते, एएमडीमध्ये एफटीपीएम. म्हणजे हेल्थ चेकने "टीपीएम नाही" सांगितलं म्हणून लगेच नवीन मशीन घ्यायला धावू नका.

पण बायोसमध्ये शिरण्यापूर्वी दोन गोष्टी. एक, तुमची डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे का बघा. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये ती आपोआप असते. असेल तर बायोसमधल्या बदलानंतर मशीन ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते, आधी काढून कागदावर लिहून ठेवा. ते खातं कुणाच्या नावाने उघडलंय? पुतण्याच्या? दुकान सोडून गेलेल्या मुलाच्या? याचा शोध आज लावा. दुसरं, बायोसमध्ये लेगसी असं असेल तर ते नुसतं यूईएफआय करून टाकू नका. डिस्कची मांडणी जुन्या पद्धतीची असेल तर मशीन चालूच होणार नाही. मांडणी बदलायचं साधन विंडोजमध्ये आहे, पण ते काम जाणत्याकडून आणि बॅकअप घेतल्यावरच.

मशीन लायकच नसेल तर काय? मेकॅनिक म्हणेल, "बायपास करून टाकतो, चालतं." चालतं, खरं आहे. पण अशा मशीनला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि आपण सगळा खटाटोप करतोय तो अपडेटसाठीच. घरी सिनेमे बघायच्या मशीनवर करा. गल्ल्याच्या मशीनवर मी करणार नाही. तशीच ती पाचशे रुपयांतली लायसन्स की. तिचं जीएसटीचं बिल मागून बघा, उत्तर तिथेच मिळेल. तुमचं विंडोज १० अस्सल आणि अ‍ॅक्टिव्हेट केलेलं असेल तर ११ चं अपग्रेड तसंही फुकट आहे.

थोडा वेळ विकत घेता येतो. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून दिली आहेत. सेटिंग्ज खात्याशी सिंक केली तर फुकट, नाहीतर ३० डॉलर किंवा त्यांचे १००० रिवॉर्ड पॉइंट. व्यवसायांसाठीची योजना वेगळी आहे. पहिल्या वर्षाला एका मशीनचे ६१ डॉलर, पुढे दर वर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. चौथ्या पिढीच्या मशीनवर एवढे पैसे घालण्यापेक्षा ते बदलण्याकडे मी झुकेन.

नवं मशीन घेतलंत तर बिल व्यवसायाच्या नावाने आणि जीएसटी नंबर टाकूनच घ्या. नियमित करदाते असाल तर कराचं क्रेडिट मिळतं, कंपोझिशनमध्ये मिळत नाही. आयकरात कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा धरतात. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर निम्मा. बाकी तुमच्या सीएंना विचारा.

परतीची वाट

मशीन लायक आहे पण अजून जुनी फिरती हार्ड डिस्क आहे? मग माझा आवडता उपाय ऐका. नवी एसएसडी आणा. आहे ते सगळं विंडोज, सॉफ्टवेअर, डेटासकट तिच्यावर जसंच्या तसं क्लोन करून घ्या. आता अपग्रेड एसएसडीवर करा आणि जुनी हार्ड डिस्क काढून कपाटात ठेवा. काही बिघडलं तर ती परत जोडली की दुकान कालच्यासारखं चालू. हा बॅकअप उघडायला दुसरं काहीच लागत नाही. मला २०२० मध्ये हे कुणी सांगितलं असतं तर एक गिऱ्हाईक वाचलं असतं.

एसएसडी आधीच असेल तर डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर रिस्टोअर करून एका पार्टीचं खातं उघडून बघा. नुसतं "बॅकअप यशस्वी" वाचून उठू नका. डिस्क काम झाल्यावर मशीनमधून काढून ठेवा. लावून ठेवलेली डिस्क व्हायरसलाही सापडते. वनड्राइव्हवर सगळं आहे असं म्हणणाऱ्यांनी दोन गोष्टी बघाव्यात. फुकट जागा ५ जीबीच आहे, ती कधीच भरलेली असू शकते. आणि सिंक म्हणजे इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं.

मेकॅनिक बोलावणार असाल तर एक वाक्य स्पष्ट सांगा: फॉरमॅट मारायचं नाही, जागच्या जागी अपग्रेड करायचं. त्याला फॉरमॅट सोपं पडतं, कारण त्याची यादी एका ओळीची असते. कुठल्याही कारणाने फॉरमॅट करावंच लागलं किंवा मशीन बदललं, तर टॅलीचं लायसन्स आधी सरेंडर करून घ्या, म्हणजे नव्या जागी सरळ चालू करता येतं.

दिवस कोणता? दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ ची तारीख ११, थ्रीबीची २०. तिमाहीवाल्यांची आपल्या महाराष्ट्रात १३ आणि २२. म्हणजे २३ तारखेनंतरचा तुमचा साप्ताहिक सुट्टीचा दिवस, आणि तोही सकाळी. रात्री नको. रात्री दहाला काही अडलं तर सॉफ्टवेअरवाला फोन उचलत नाही. मार्च नको, दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस नकोत. डाउनलोड काही जीबींचं असतं, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिवसाचा डेटा संपून अर्ध्यात अडकाल. आणि लाइट जाण्याचा वार माहीत असेल तर तो वार सोडा. यूपीएस किंवा इन्व्हर्टरशिवाय सुरूच करू नका.

नंतरचे दहा दिवस

अपग्रेड झालं, नवीन स्क्रीन आली, स्टार्टचं बटण मधोमध गेलं. आता तो कागद काढा आणि प्रत्येक ओळ करून बघा. खरं बिल छापा, खरं लेबल काढा, काट्यावर किलोभर साखर ठेवा, टोकन लावून पोर्टलपर्यंत जा. बिलावरची तारीख नीट बघा. नव्याने बसवलेल्या विंडोजमध्ये कधी कधी महिना आधी आणि दिवस नंतर येतो. ५ जुलै ऐवजी ७ मे छापलं गेलं तर घोळ महिनाअखेरीस कळतो.

प्रिंटरच्या सेटिंगमध्ये "डीफॉल्ट प्रिंटर विंडोजने ठरवावा" असा पर्याय असतो, तो बंद करा. नाहीतर शेवटी ज्या प्रिंटरवर छापलं तोच मुख्य धरला जातो आणि थर्मलचं बिल मोठ्या कागदावर निघतं. काउंटरवरच्या मुलाला अर्धा तास शेजारी बसवा. उजव्या क्लिकचा मेनू बदललाय, जुने पर्याय "आणखी पर्याय दाखवा" खाली गेलेत. आपल्याला ते दोन दिवसांत सवयीचं होतं, पण गर्दीच्या वेळी गिऱ्हाइकासमोर तो गोंधळला तर रागावतो आपण त्याच्यावर.

जागच्या जागी अपग्रेड केलं असेल तर जुन्या विंडोजवर परत जायची सोय दहा दिवस असते. सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, तिथे गो बॅक. दहा दिवसांनी जुन्या फाइली आपोआप काढल्या जातात. डिस्कवर जागा करायला म्हणून तुम्ही स्वतः आधीच साफसफाई केलीत, तर ती सोय त्याच क्षणी जाते. परत जायचं ठरलंच तर त्याआधी या दिवसांतला डेटा पुन्हा बाहेर कॉपी करून घ्या. प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्ये डेटा ठेवणारी सॉफ्टवेअर असतात, आणि मागे जाताना मधल्या दिवसांच्या नोंदी मागे पडू शकतात.

म्हणून कॅलेंडरवर आठव्या दिवशी गोल करा. त्या दिवसापर्यंत कागदावरच्या प्रत्येक ओळीसमोर टिकमार्क आला पाहिजे, महिन्यातून एकदाच लागणाऱ्या कामांसमोरसुद्धा. एखादी ओळ उरली तर हातात दोन दिवस असतात.